दलालाचं लहानपण आणि जमनामावशीचं जाळं

माझ्या सासूबाईंचं जाळं मी अख्ख्या मुरबे गावासमोर चाकूने कापलं आणि त्यानंतर आमचं लग्न ठरलं. (क्रम बरोबर आहे. छपाईची चूक नाही.)

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बोईसरच्या एका कारखान्यात कामाला होतो आणि शिमग्याला गावातली आम्ही पोरं नाटक बसवायचो. लेखक, दिग्दर्शक आणि पडद्याआडून ओरडणारा माणूस एकच, माझे काका. एरवी ते जाळी शिवायचे. हात इतका साफ, की पार चिंचणीहून जाळी आमच्या पडवीत यायची.

त्या वर्षी माझ्या वाट्याला खलनायक आला: गरीब कोळ्याचं जाळं कापणारा दुष्ट दलाल. मी खूश होतो. पण त्याच आठवड्यात निरोप आला, की चिंचणीची जमनामावशी नाटकाला येणार. तिला काकांकडे शिवायला दिलेलं जाळं न्यायचं होतं आणि जाता जाता मलाही बघायचं होतं! तिच्या लेकीसाठी, सुमनसाठी, माझं नाव निघालं होतं. सुमनला मी एकदाच पाहिली होती, बोईसरच्या बाजारात भाजीवाल्याशी भांडताना. हिच्याशी भांडण्यापेक्षा आयुष्यभर हिच्या बाजूने उभं राहावं, हे मी तिथेच ठरवून टाकलं होतं.

आणि होणारी सासू मला पहिल्यांदा बघणार ती दुष्ट दलाल म्हणून!

"काका, दलालाचं लहानपण घालूया नाटकात."

"कोनाचं?"

"दलालाचं. तो असा का झाला, ते लोकांना कळायला नको?"

"हरामखोर हाय म्हनून झाला! त्याला बगून लोकांनी शिव्या द्यायच्या, पदर नाय लावायचा डोळ्याला!"

मी ऐकलं नाही. आठ दिवस दलालाचं लहानपण वाढवत गेलो. आधी त्याला ताप आणला. मग सावत्र आई आणली. मग तिच्या हातात तापलेली कालथी दिली. शेवटी त्याचा बाप दर्यावर पाठवला आणि परत आणलाच नाही. (मावशीचा नवरा असाच गेला होता. मागे होडी तिने चालवली. हे मला ठाऊक होतं आणि ठाऊक होतं म्हणूनच मी ते घातलं. आज लाज वाटते, त्या दिवशी मात्र स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होतो.)

नाटकाला हमखास वीज जायची, म्हणून खेळ उजेडीच उरकायचा होता. नेमका त्या दिवशी फोरमनने ओव्हरटाइमला अडकवला.

"साहब, आज मेरा नाटक है."

"क्या बनता है तू?"

"विलन."

"तो रुक जा, इधरीच प्रॅक्टिस कर!"

सुटलो तोवर बस गेलेली. टेम्पोत उभा राहून गाव गाठलं, मिशा चिकटवल्या, तेवढ्यात काका ओरडले, "पडवीतलं आपलं जाळं आन, कापायचं!" पडवीत दोन जाळी टांगलेली. एक फाटकं, एक धडधाकट. मी डोकं चालवलं (तिथेच घात झाला!): फाटकं ते दुरुस्तीला आलेलं, म्हणजे मावशीचं, मग धडधाकट ते आपलं. काकांनी मावशीचं जाळं कधीच शिवून ठेवलंय, हे डोक्यातच आलं नाही.

रंगमंचावर गेलो. पहिल्याच ओळीत मावशी बसलेली. मी चाकू काढला.

"तापाने फणफणलो होतो, घोटभर पाणी द्यायला कुणी नव्हतं!" खच्!

"सावत्र आईने चटके दिले!" खच्!

मावशीने पदर डोळ्याला लावला. बायका मुसमुसू लागल्या. ज्याचं जाळं कापलं जात होतं तो नायक मध्येच हंबरडा फोडायला गेला, तर एक म्हातारी त्याच्यावरच खेकसली, "गप रं! त्याला बोलू दे!"

मला चेव आला. "माझा बाप दर्यावर गेला..."

मावशी ताडकन उभी राहिली. "थांब!"

काय हा परिणाम! "थांबू कसा? तो परत आलाच नाही!" खच्, खच्, खच्!

"अरं मेल्या, माजं जाळं हाय ते! कोपऱ्यात लाल चिंदी मी बांदलीय!"

मी हाताकडे पाहिलं. लाल चिंधी माझ्याच मुठीत होती. पडद्याआडून काकांचा आवाज आला, "मेलो!" (हे नाटकात नव्हतं.) मावशी रंगमंचावर चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मावशी, ओव्हरटाइम होता... बस चुकली... फाटकं ते तुमचं वाटलं... लहानपणापासून मी जरा वेंधळाच..."

तिने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. डोळे अजून ओले होते.

"तुज्या दलालासाटी मी रडलं. खोटं नाय रडलं. पन माजी सुमन बी बापाविना वाढली. तिनं कोनाचं जाळं कापलं नाय."

टाळ्या थांबल्या. मी चाकू खाली ठेवला.

"शिमग्याचा सन झाला की होडी दर्यात जायची हाय. तू कापलंस, तूच शिवायचं. काकानं हात लावायचा नाय."

बिनपगारी रजा काढून मी चिंचणीला तिच्या अंगणात लाकडी सुई घेऊन बसलो. पहिल्या दिवशी जाळ्याबरोबर स्वतःचा सदराही शिवला. सुमन माझ्या गाठी सोडवायची आणि "असं नाय, असं" म्हणून पुन्हा घालायला लावायची. दुपारी मावशी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढायची, मोठा तुकडा मला. हात धुतले, की म्हणायची, "चल, बस शिवायला."

एकदा सुमनने विचारलं, "तुमच्या दलालाला कोनी जाळं शिवायला नाय बसवलं?"

"नाही."

"मग तितंच वाया गेला तो."

होडी दोन दिवस उशिरा गेली. मावशीने प्रत्येक गाठ ओढून पाहिली आणि मग होकार कळवला. तिने त्या दिवशी नुसतं माफ केलं असतं, तर मी जन्मभर कारणंच सांगत बसलो असतो. तिने माझ्यासाठी रडूनही मला सोडलं नाही, याचे उपकार मोठे आहेत. ती आता नाही. कालवण कुठेही खाल्लं, तरी हात धुताना तिची हाक ऐकू येते.

हे सगळं लिहून परवा सुमनला वाचून दाखवलं.

"बराबर हाय," ती म्हणाली. "पन ओवरटाइम, बस, टेम्पो... जाळं कापायच्या आदी तुमचंच लहानपन किती लांबवलंय!"

मग तिने ती जुनी लाकडी सुई आणि फाटलेली मच्छरदाणी माझ्यापुढे टाकली. मच्छरदाणी मीच फाडली होती. ती कशी फाटली, ते मी सांगायला लागलो, तर म्हणाली, "सांगा की! शिवता शिवता सांगा."