तिसरं रीळ

लेस्टर ड्वायरची बायको वर्ना दारात उभी राहिली, तेव्हा ऑर्विल टेशने आधी तिच्या हातातला पत्र्याचा गोल डबा पाहिला, मग तिचं तोंड. आत या म्हणायला त्याची जीभ रेटेना.

ऑर्विलने अमेरिकेतल्या टोलेडो शहरात एका थिएटरात तीस वर्षं प्रोजेक्टर चालवला होता. थिएटर बंद पडलं, तसा तो तळघरात जुने विनोदी चित्रपट जमवू लागला. गाजलेल्यांचं त्याला वावडं. "ते कुणीही सांभाळेल," म्हणायचा. त्याचा जीव होता १९३४ सालच्या एका विसरलेल्या चित्रपटात. जन्मभर पडद्यावर कॉफी आणून देणारा एक नट त्यात एकदाच नायक झाला होता. त्या चित्रपटाच्या पाच रिळांतलं तिसरं अकरा वर्षांपूर्वी नाहीसं झालं. त्या आठवड्यात तळघरात एकटा लेस्टर येऊन गेला होता. ऑर्विलने जुन्या चित्रपटांच्या शौकिनांच्या क्लबात चारचौघांदेखत त्याला चोर म्हटलं आणि तीस वर्षांची दोस्ती तिथेच तुटली.

आता लेस्टरला जाऊन महिना झाला होता.

"हे तुमच्यासाठी ठेवलं होतं त्याने," वर्ना म्हणाली.

"म्हणजे शेवटी कबूल केलं म्हणायचं."

"आधी उघडा. मग बोला."

त्याने रीळ टेबलावर उलगडलं. स्वतःच्या प्रत्येक रिळाच्या तोंडाशी तो कात्रीने बारीक खाच पाडायचा. इथे खाच नव्हती. कापून टाकली असेल, त्याच्या मनात आलं. मग त्याने भिंग लावून केक पडण्याचा प्रसंग शोधला. त्याच्या हरवलेल्या रिळाची फिल्म तिथे तुटली होती, त्यानेच ती जोडली होती. हा तुकडा अखंड होता.

"हे माझं नाही," तो हळू म्हणाला. "आणलं कुठून?"

"दहा वर्षं ठिकठिकाणच्या संग्राहकांना पत्रं लिहीत होता. गेल्या साली आयोवातल्या एका चर्चच्या माळ्यावर सापडलं."

"मग तेव्हाच का नाही दिलं?"

"तुम्ही आधी माफी मागाल म्हणून थांबला. तोही तुमच्याइतकाच हेकट."

ऑर्विलने पाचही रिळं लावली. वर्ना कोट न काढताच बसली. केक पडला तेव्हा ती खुदकन हसली. ती चित्रपटाला हसली की आपल्याला, हे त्याला कळेना.

पुढच्या शनिवारी क्लबात तो उभा राहिला. "हे रीळ लेस्टरने शोधलं. तो चोर नव्हता. मी खोटा आळ घेतला."

मागून कुणीतरी विचारलं, "मग तुझं रीळ नेलं कुणी?"

ऑर्विलने खुर्च्यांवरचा एकेक चेहरा सावकाश न्याहाळला. यावेळी मात्र त्याने कुणाचंही नाव घेतलं नाही. दिवा मालवला आणि प्रोजेक्टर सुरू केला.