‘पोहोचणं’ या शब्दाचा अर्थ

मार्चमधल्या एका सकाळी मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी गाडी लावत होते, तेवढ्यात मैत्रेयीचा फोन आला. “मावशी, आई इज गॉन,” ती म्हणाली. माझी मैत्रीण नलिनी ढवळे गेली. पोटाचा कॅन्सर कळल्यापासून जेमतेम चार महिने मिळाले तिला.

नलिनी ॲन आर्बरमध्ये अपिलांची वकील होती. खालच्या कोर्टात हरलेली माणसं शेवटची आशा घेऊन तिच्याकडे यायची. तिचे वडील नागपूरच्या न्यायालयात शिपाई होते. त्यांच्या हातातल्या फायली बघत ती वाढली, लंडनला कायदा शिकली आणि लग्न करून इथे आली. कायदा वाचायच्या दोन मुख्य तऱ्हा इंग्रज न्यायाधीशांकडून इकडेही आल्या, असं ती मला समजवायची. एक म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ घ्यायचा. दुसरी म्हणजे कुठली अडचण दूर करायला तो कायदा केला, हे बघायचं. ती पहिल्या तऱ्हेची. “हेतू बघायचा म्हटलं की मोठ्यांचाच हेतू बघतात गं. शब्द निदान सगळ्यांना सारखा दिसतो. बाबांची नोकरी टिकली ती नियमात तसं लिहिलं होतं म्हणून. साहेबांच्या मनात काय होतं, त्यावर नाही टिकली.”

त्याच विश्वासावर तिने आपला सगळ्यात गाजलेला खटला जिंकला. एका घरमालकाला भाडेकरू कुटुंबाला बाहेर काढायचं होतं. खालच्या कोर्टात हरल्यावर त्याने अपील तिसाव्या दिवशी टपालात टाकलं, ते कार्यालयात एकतिसाव्या दिवशी आलं. कायद्यात शब्द होता, तीस दिवसांत ‘पोहोचलं’ पाहिजे. नलिनी म्हणाली, पोहोचणं म्हणजे पोहोचणं, पाठवणं नव्हे. अपील कोर्टाने ते जसंच्या तसं निकालात घेतलं. निकाल छापला गेला, आणि पुढच्या खटल्यांनाही तो बंधनकारक झाला. ते कुटुंब घरात राहिलं. त्या संध्याकाळी तिने आम्हा सगळ्यांना पुरणपोळी करून वाढली होती.

दहा वर्षांनी अल्मा आली. तिचा नवरा गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मशीनखाली सापडून मेला होता. पदरात लूसिया आणि आना या दोन लहान मुली. भरपाई नाकारली गेली, तेव्हा अल्माने स्वतःच फॉर्म भरून अपील टपालाने पाठवलं, मुदतीच्या चार दिवस आधी. मग बर्फाचं वादळ आलं, रस्ते बंद झाले, आणि पाकीट एक दिवस उशिरा पोहोचलं. अपील फेटाळल्याचं पत्र घेऊन ती नलिनीकडे आली. कायदा वेगळा होता, पण शब्द तोच होता.

सुनावणीला मी अर्धा दिवस रजा टाकून गेले होते. नलिनी पहिल्यांदाच दुसऱ्या तऱ्हेने बोलत होती. हा कायदा कामगारांच्या घरच्यांसाठी केलाय, मुदत दिरंगाई रोखायला आहे, वादळात अडकलेल्या बाईला शिक्षा करायला नाही... मधल्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या न्यायाधीशबाईंनी तिला पूर्ण बोलू दिलं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “काउन्सेल, या शब्दाला एकच अर्थ आहे, हे तुम्हीच आम्हाला पटवलं होतं. आम्ही त्याला बांधलेलो आहोत.” दोन विरुद्ध एक मताने अल्मा हरली. वरच्या कोर्टाने खटला ऐकायलाच नकार दिला.

येताना गाडी मी ड्राइव्ह केली. “मी तेव्हा चुकले नव्हते,” नलिनी म्हणाली. थोड्या वेळाने, “आणि आजही चुकले नाही. मग हे झालं कसं?”

त्यानंतर सहा वर्षं ती राज्याच्या आमदारांच्या मागे लागली. पत्रं लिहिली, समित्यांपुढे साक्षी दिल्या. अखेर कामगारांच्या त्या एका कायद्यात ‘पोहोचलं’च्या जागी ‘टपालात टाकलं’ असे शब्द आले, पण पुढच्या अपिलांपुरतेच. अल्मा तोवर टेक्ससला भावाकडे गेली होती. नलिनीने तिला फोन केला. “तिने एवढंच विचारलं, हे आमच्यासाठी आहे का?” नलिनीने मला सांगितलं. “मी नाही म्हटलं. तिने ओके म्हणून फोन ठेवला.” यानंतर ती पुष्कळ खटले लढली, काही जिंकलीही, पुरणपोळी मात्र पुन्हा झाली नाही.

एप्रिलमध्ये सांता क्लाराहून आलेल्या मैत्रेयीबरोबर मी नलिनीची अभ्यासाची खोली आवरायला गेले. लायब्ररीला द्यायची पुस्तकं आम्ही खोक्यात भरत होतो. निकालांच्या एका जाड खंडात तो भाडेकरूंचा खटला निघाला. ‘पोहोचणं म्हणजे पोहोचणं’ या अर्थाच्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलीने तीन नावं लिहिलेली होती. अल्मा. लूसिया. आना. पुन्हा पुन्हा गिरवून अक्षरं जाड झाली होती.

“हू आर दे, मावशी?” मैत्रेयीने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं. ती खाली जमिनीवर बसून ऐकत होती. मग पानावर हात ठेवून तिने विचारलं, “हा निकाल अजून चालतो?”

“हो,” मी म्हटलं. “तुझ्या आईने तो फार पक्का केला होता.”

तिने तो खंड खोक्यात घातला नाही.