नव्वदच्या वरचे फोटो

दहावीचा निकाल दुपारी लागतो आणि तासाभरात आमच्या कर्जतच्या साप्ताहिकाच्या दारात चपलांचा ढीग पडतो. बातम्या रद्दीत जातात हो, पण या एका दिवसाचे किस्से तीस वर्षं माझ्याकडे, म्हणजे इथल्या वार्ताहराकडे, साठत आलेत. ते रद्दीवालाही नेत नाही!

आमचा एक नियम आहे. नव्वद टक्के आणि वर असतील तरच फोटो, तोही गुणांच्या उतरत्या क्रमाने. नियम संपादक नानांचा. त्यावरून आमचं दरवर्षी भांडण. "एकोणनव्वदवाल्याने काय पाप केलं?" मी विचारतो. "पानात जागा नाही," नाना म्हणतात. प्लॉटच्या जाहिरातींना मात्र अर्धं पान!

*

मोहोपाड्याच्या कंपनी कॉलनीतले एक गृहस्थ. मुलीला ९१.४०, वरच्या मजल्यावरच्या मुलाला ९१.६०.

"आमचा फोटो त्याच्या वर घ्या."

"अहो, त्याला गुण जास्त आहेत."

"असू देत! आधीच ते आमच्या डोक्यावर राहतात. आता पेपरात पण?"

*

नेरळच्या एका बाईंच्या मुलाला ८८. नियम सांगितला. त्यांनी शांतपणे पर्समधून आमचाच मागच्या वर्षीचा अंक काढला आणि एका फोटोवर बोट ठेवलं. "हा आमच्या शेजारचा, ९३ वाला. अकरावीत नापास झाला. ते कधी छापताय?"

नाना अंक उलटून तारीख बघायला लागले. तेवढ्यात मुलगाच म्हणाला, "आई, मित्र आहे गं तो माझा. चल ना घरी."

*

एकदा पान लावणाऱ्या सुलभाताईंकडून एका फोटोखालचा आकडा चुकला. भिसेगावच्या एका पोराचे ९०.२० चे झाले ९६.२०. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील हजर. वाटलं, आता धुलाई! त्यांनी टेबलावर पेढे ठेवले. "दुरुस्ती छापू नका. सगळ्या पाहुण्यांना अंक पाठवलेत."

संध्याकाळी पोरगा एकटा आला. "काका, छापा दुरुस्ती. आजी गावभर सांगत फिरतेय. माझ्याच्यानं तिच्याकडं बघवत नाय."

छापली. वडील अजून माझ्याशी बोलत नाहीत. पोरगा बोलतो.

*

मला स्वतःला दहावीला चोपन्न टक्के. खालापूर तालुक्यातल्या एका शाळेने गुणगौरवाला पाहुणा म्हणून बोलावलं, तेव्हा मी ते माईकवर सांगून टाकलं. पुढच्या रांगेतले टॉपर एकमेकांकडे बघायला लागले. मागून शिट्ट्या! मुख्याध्यापकांनी घाईघाईने माईक काढून घेतला. हारही काढून घेतला असता, पण फोटो निघाला होता.

*

आणि हा यंदाचा. माथेरानच्या डोंगरातल्या एका वाडीवरून बाप आणि मुलगी आले. मुलीचं नाव सुनीता. टक्के त्रेचाळीस.

"पोरीचा फोटू छापायचा हाय," बाप म्हणाला. "आमच्या वाडीत धावी पास झालेली ही पयलीच."

नानांनी चष्म्यावरून पाहिलं. "नव्वदच्या वर..."

"नाना!" मी उठलोच. "नव्वदवाल्यांना क्लासच्या दारात सोडायला गाडी असते. ही रोज डोंगर उतरून शाळेत गेलीय. हिला जागा नसेल तर माझी बातमी काढा!"

बाप निकालाचा कागद दोन्ही हातांनी धरून उभा होता. नानांनी तो कागद मागून घेतला आणि वाचला. मग म्हणाले, "सुलभाताई, पहिल्या पानावर घ्या."

तीस वर्षांत मी पहिल्यांदा जिंकलो!

"नको," सुनीता म्हणाली.

"का गं?" बाप दचकलाच.

"आमच्या वाडीतली ठमी बी बसलेली माझ्यासंगं. ती गणितात ऱ्हायली. माझा एकटीचा फोटू बघितला तर ती परत परीक्षेला नाय बसायची. ती पास झाली का दोघींचा छापा."

नाना म्हणाले, "आणि पुढच्या वेळीही नाही झाली तर?"

"मंग थांबा. तुमचा पेपर तर दर आठवड्याला निघतो ना!"