डासाच्या पोटातले काळे ठिपके

डास आणायला जवळा बाजारला जायचं म्हटलं, तेव्हा आमच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. साहेबांच्या मते डास म्हणजे हिवतापाची नुसती बाटली, भरलं ते तसंच ओतणारी. मी मात्र एकदा तिकडून आलेल्या डासाच्या पोटावर तापाचे जंतू काळे पडून मेलेले पाहिले होते. डासाच्या अंगातच त्यांना मारायची ताकद असली तर? ते पुन्हा दाखवल्याशिवाय मला चैन पडेना. अडतीस साली दिवाळीआधी सूक्ष्मदर्शकाची पेटी मांडीवर घेऊन निघालो.

तुम्ही जाणार असाल तर पूर्णेला गाडी बदला आणि वसमतलाच उतरा. मी उतावळा, थेट हिंगोली गाठली आणि औंढ्यावरून दोन दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेतली. दोन्हीकडे कापूस फुटला होता. औंढ्याच्या मुक्कामी पिठलं-भाकरी झकास मिळते, पण मला घास गोड लागेना.

"पेटीत काय हाय?" गाडीवानानं विचारलं.

"डास पाहायचं यंत्र."

"गोठ्यात बसा की! यंत्र काहून लागते?" तो जवळा येईपर्यंत हसत होता.

जवळ्यात गंगाकाकू म्हणून एक बाई होत्या, त्यांच्या पडवीत उतरलो. काकू हिवतापानं फणफणल्या होत्या. विहिरीतल्या अळ्यांपासून जाळीच्या पिंजऱ्यात डास वाढवले, ते काकूंच्या हातावर बसवून त्यांना रक्त पिऊ दिलं आणि मग काकूंना कोयनेल दिलं. चार दिवसांत काकू चुलीपाशी उभ्या. मला मात्र दहा दिवस थांबायचं होतं, जंतू वाढायला तेवढे लागतातच. डासांना भिजवलेल्या मनुका, मला अंबाडीची भाजी. आठवडी बाजारातही जीव रमेना; अर्ध्यातून परत येऊन पिंजरा पाहिला.

नवव्या दिवशी संध्याकाळी ओढ्यावरून आलो, तर पडवीत कडुलिंबाच्या पाल्याचा धूर कोंडलेला. पिंजऱ्याच्या तळाशी मेलेल्या डासांचा सडा.

"काकू, हे काय केलंत?" मी ओरडलोच.

"तुमाला लई डास चावून राहिले म्हून धूर केला," काकू गोंधळल्या. "पिंजऱ्यातले तर बांधलेले हायेत. गोठ्यातली बांधलेली जनावरं रोज धुरातच ऱ्हातेत, त्याहिला कुटं तकलीफ व्हते?"

कंदील लावला आणि डास वाळायच्या आत कापायला बसलो. सातव्या डासाच्या पोटावर ते जंतू दिसले, काळे, टणक. काकूंना बोलावून दाखवलं.

"ह्ये काळं काय हाय?"

"तुमच्या तापाचं बी. डासानं मारलेलं."

"अन् म्या त्यालाच मारलं," म्हणत काकूंनी उरलेला पाला उचलून अंगणात फेकला.

हैदराबादला साहेबांनी ते पोट ठेवलेली काच बराच वेळ न्याहाळली. मग पेटी हुंगली. "खोलीत धूर केला होता?"

नाही म्हणायला काय लागत होतं! मी हो म्हणालो.

"मग ही काजळी," म्हणून त्यांनी काच परत केली.

काकूंचा राग येतो का? येतो. त्याहून जास्त स्वतःचा येतो, पिंजरा पडवीत न झाकता टाकून गेल्याचा. काजळी बाहेरून बसते, हे ठिपके पोटाच्या भिंतीत आहेत. ते तसे आहेत हे माहीत असलेली माणसं दोनच: मी, आणि ज्यांच्या रक्तातून ते आले त्या काकू.