आधी टोपली वाजव

आमच्या शाळेत नकाशा नव्हता, घड्याळ नव्हतं, बसायला धड पट्ट्यासुद्धा नव्हत्या. पण एक काळी घोंगडी होती, आणि एका चैत्रात तीच आमचं पुस्तक झाली. हसायचं त्यानं खुशाल हसावं. पाढे मी निम्मे विसरले, पण त्या घोंगडीखाली शिकले ते अजून जसंच्या तसं आहे.

गाव सिंदेवाहीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तेव्हा आमचा जिल्हा म्हणजे चांदा. गडचिरोली वेगळा व्हायला अजून कितीतरी वर्षं होती. धानाचं काम उरकलं, ऊन चढायला लागलं, की गावाला मोहाचे वेध लागायचे. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि उशीर केला की गुरंढोरं खाऊन मोकळी होतात. म्हणून तांबडं फुटायच्या आत बाया, म्हातारे, पोरं, सगळे टोपल्या घेऊन जंगलात. ज्याचं झाड ठरलेलं त्यानं त्याखालचा पाला जाळून जमीन साफ केलेली असायची. मधे कुठेतरी एक शेकोटी, आणि प्रत्येकाचं डोकं खाली. कोणी कोणाशी बोलायचं नाही. अंधारात हाक मारायची नाही, आणि कोणी मारलीच तर ओ तर मुळीच द्यायची नाही. अंधारात जे हाक मारतं ते माणूसच असेल असं नाही, हे आम्हाला बोलायला यायच्या आधीपासून ठाऊक होतं.

आता अडचण अशी की मोह माणसापेक्षा अस्वलाला जास्त आवडतो. तेही पहाटेच येतं, तेही मान खाली घालून वेचत बसतं. पाठमोरं बघाल तर काळी घोंगडी पांघरलेला म्हातारा, दुसरं काही नाही. माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण अशाच एका म्हाताऱ्याजवळ गेली होती. वाचली बिचारी. पण गालापासून कानापर्यंतचा एक भाग ओढल्यासारखा झाला, आणि शाळेत परत आली ती पदर तोंडावर घेऊन. नऊ-दहा वर्षांची पोर, आणि पदर!

पुढच्याच चैत्रात शाळेत बाई आल्या. नागपूरकडच्या, तरुण, पायात चपला. बाईमाणूस मास्तरकी करतं हे बघायलाच अर्धं गाव शाळेपाशी जमलं होतं. पहिल्या आठवड्यात बाईंनी मैत्रिणीजवळ बसून तिचा पदर हळूच बाजूला केला आणि विचारलं, "काय झालं होतं गं?"

"मले वाटलं, आबाजी होय," ती म्हणाली.

"मग हाक का नाही मारली?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "अंधारात हाक नसते माराची, बाई!"

बाई आधी चिडल्या. भूत-बित काही नसतं, यावर चांगलं लांबलचक भाषण दिलं. आम्ही माना डोलावल्या. भाषणाला मान डोलवायची हे आम्हाला बरोबर कळत होतं. मग त्यांनी विचारलं, "उद्या पहाटे कोण हाक मारेल?" तर एकही हात वर नाही. बाई कपाळाला हात लावून बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या घोंगडी घेऊन आल्या. दारं-खिडक्यांना बांबूच्या तट्ट्या लावून वर्गात अंधार केला. एकाला घोंगडीखाली बसवलं आणि त्याच्या कानात सांगितलं, तू माणूस की अस्वल. दुसऱ्यानं टोपली घेऊन यायचं आणि ओळखायचं. पहिल्या दिवशी अस्वलानं सगळा वर्ग खाल्ला. आम्ही हसून हसून लोळलो. मैत्रीण तेवढी हसत नव्हती. बाईंनी टोपली तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तूच सांग आता. हाक मारायची नाही, मग माणूस ओळखायचा कसा?"

तिनं टोपली उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाली, "भूत टोपली घेऊन मोहा वेचाले येत नाई, बाई. अस्वलबी नाई."

आणि तिनं टोपलीच्या बुडावर दोनदा हात मारला. धप, धप.

बाईंनी तिला उचलून घेतलं. एवढ्या मोठ्या पोरीला! नियम तिथंच ठरला. काळं काही दिसलं की लांब उभं राहून टोपली दोनदा वाजवायची. समोरून दोनदा वाजली तर माणूस. नाही वाजली तर पाठ न दाखवता मागे सरकायचं, शेकोटीपाशी यायचं आणि तिथून बोंब ठोकायची. हाकही नाही, ओही नाही. आयांनाही बोलायला जागा उरली नाही. पुढे मग चढाओढ लागली. कोण किती लांबून ओळखतं, कोण मागे सरकताना पडत नाही, कोणाची बोंब गावाच्या वेशीपर्यंत जाते. बोंबेत माझा पहिला नंबर होता, हे मी अजूनही ऐकवते.

एक दिवस बाई स्वतःच घोंगडी पांघरून बसल्या आणि आवाज गोड करून मला म्हणाल्या, "ये बाळ, तुझ्या बाबांनी तुला बोलावलंय, गूळ देतो, चल." मी गुळाच्या नावानं उठलेसुद्धा. सगळे फिदीफिदी हसले. बाईंनी घोंगडी फेकली.

"जिथं टोपली नाही, तिथं तोंडानं विचारायचं. तू कोण? माझ्या आईचं नाव काय? आमचं झाड कोणतं? ज्याला सांगता येत नाही, जो सांगत नाही, त्याच्याजवळ जायचं नाही."

"मोठ्या मानसाले विचाराचं?" मी म्हटलं.

"विचारायचं. त्याला राग आला तर येऊ दे."

मोठ्या माणसाला राग आला तर येऊ दे! आमच्या घरात असं वाक्य तोवर कोणी उच्चारलं नव्हतं. आमच्या घरात राग म्हणजे मोठेबाबांचा. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्या शब्दापुढे वडीलसुद्धा मान वर करत नसत. मी शाळेत जात होते तीही त्यांच्या मर्जीनं. "जाते त जाऊ दे," एवढंच ते म्हणाले होते, आणि ते परत घ्यायला त्यांना क्षण पुरला असता.

तो क्षण लवकरच आला. एका पहाटे मी आईच्या पुढे चालत आमच्या झाडाशी पोचले, तर खाली काळं काहीतरी बसलेलं. घरून तर आमच्या आधी कोणी निघालेलं मला दिसलं नव्हतं. मी लांबच थांबले. टोपली वाजवली, धप, धप. ते काळं हलायचं थांबलं. पुन्हा वाजवली. नाही म्हणजे नाहीच. मी शिकवल्याप्रमाणे मागे मागे सरकले, शेकोटी गाठली आणि पहिल्या नंबरची बोंब ठोकली, "अस्वल!"

मग काय, काठ्या आल्या, जळती लाकडं आली. कोणीतरी एक लाकूड फेकलं ते नेमकं त्या काळ्यावर पडलं. ते काळं उठून उभं राहिलं, शिवी हासडली, आणि बघतो तर मोठेबाबा! घोंगडीला हातभर भोक पडलं होतं आणि त्यातून धूर निघत होता. सगळं जंगल हसायला लागलं. मी नाही हसले.

घरी येताच निकाल लागला. "शाळा बंद. पाटी ठेव फळीवर." एवढं बोलून ते तरातरा शाळेकडे निघाले, आणि मला हाताला धरून नेलं, बाईंसमोर उभं करायला.

"हे शिकवता तुमी?" दारातूनच ते कडाडले. "पोरगी घरच्या मानसाले अस्वल म्हनते! गावात तोंड दाखवाची सोय नाई ठेवली!"

बाई उठून उभ्या राहिल्या. "भाऊ, तिनं टोपली वाजवली होती का?"

"वाजवली."

"तुम्हाला ऐकू आली?"

"आली. मी बहिरा थोडीच हावो!"

"मग तुम्ही का नाही वाजवली?"

मोठेबाबांना असं कोणी विचारत नसे. मला वाटलं, आता बाईंची धडगत नाही. पण ते चौकटीला टेकले आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाले, "अंधारात मी जबाब देत नाई, बाई. कोनालेच देत नाई. मले एक बहीन होती. हिच्याएवढी. मोहा वेचून राह्यलो होतो आमी. कोनं तं तिचं नाव घेतलं. तिनं ओ देल्ली आनं गेली. मंग सापडलीच नाई."

आमच्या घरात या आत्याबद्दल कोणी कधी बोललं नव्हतं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. त्यानं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"कोणी हाक मारली, कळलं?" बाईंनी हळूच विचारलं.

"भूत म्हना, मानूस म्हना. कोनाले मालूम."

बाईंचे डोळे भरले होते. "भाऊ, तिला कोणी शिकवलंच नव्हतं, आधी विचार, मग जा. तुमच्या पुतणीनं आज विचारलं. जबाब आला नाही, म्हणून ती गेली नाही. तुम्ही होता म्हणून हसू झालं. दुसरं कोणी असतं तर?"

मोठेबाबांनी माझं मनगट सोडलं आणि ते निघून गेले. मला वाटलं होतं, ते शाळेचं काहीतरी बोलतील. नाही बोलले. पाटी फळीवरच राहिली. सकाळची शाळा भरायची, मैत्रीण दारावरून जायची आणि मुद्दाम पावलं हळू टाकायची. आता ती पदर घेत नव्हती. आणि मी घरात कुढत बसायचे. आईनं दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला, पण मोठेबाबा ताटावरून उठून गेले. मला बाईंचाही राग आला, टोपलीचाही आला. कशाला वाजवली मेली, असं वाटायचं.

मोह मात्र कोणासाठी थांबत नाही. पुन्हा एक पहाट, पुन्हा आमचं झाड, आणि खाली पुन्हा तेच काळं. आई मागे राहिली होती. या वेळी मला नव्वद टक्के खात्री होती की ते मोठेबाबाच आहेत. घरी त्यांचं अंथरूण रिकामं होतं. मुकाट्यानं जवळ जावं, वेचायला लागावं, आणि शाळेचा राग निवेपर्यंत गप्प बसावं, हेच शहाणपणाचं होतं. पुन्हा वाजवली तर पाटी कायमची फळीवर राहणार, हेही मला कळत होतं. मी तशीच उभी राहिले. बाई म्हणाल्या होत्या, राग आला तर येऊ दे. रडू येत होतं, पण टोपली उलटी केली आणि वाजवली. धप, धप.

ते काळं हलायचं थांबलं. काहीच आवाज नाही. दूरवर शेकोटीतली लाकडं तेवढी फुटत होती. मी एक पाऊल मागे घेतलं. मग दुसरं.

आणि झाडाखालून आवाज आला. अगदी हलका, चाचपडत मारल्यासारखा. धप. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. धप.

"मी होय," मोठेबाबा म्हणाले. अंधारात ते कोणालातरी पहिल्यांदाच ओ देत होते. "ये."

मी पळतच गेले. जळक्या भोकाची तीच घोंगडी त्यांच्या अंगावर होती. तिची एक बाजू उचलून त्यांनी मला आत घेतलं. मी रडत होते, आणि मला वाटतं तेही. थोड्या वेळानं नाक शिंकरून त्यांनी माझी टोपली माझ्यापुढे सरकवली.

"भरभर वेच," ते म्हणाले. "शाळेची येळ होऊन राह्यली."