वळणावरचा दिवा आणि ठेंगणी गाडी

आमच्या गावातली निम्मी म्हातारी माणसं सारान्डोसच्या दातांनी जेवतात. तो आर्गोसला कवळ्या बनवणाऱ्या एका कार्यशाळेत कामाला आहे. चाळिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, बोलण्यात मोजका, आणि हात असा स्थिर की काठोकाठ भरलेला कॉफीचा पेला घेऊन जिना चढेल. माझी खालची कवळी त्यानेच केली. दहा वर्षं झाली, अजून बदाम फोडते.

मी कानेला. समुद्राच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर माझा पेट्रोल पंप आहे. आर्गोसकडून येताना आधी माझा पंप लागतो, मग कोरड्या झऱ्याचं वळण, मग गाव. त्यामुळे सारान्डोस रोज सकाळी माझ्या समोरून जातो आणि संध्याकाळी माझ्या समोरूनच परततो. जाऊन-येऊन पावणेदोनशे किलोमीटर. आर्गोसला खोली घे, असं त्याला सगळ्यांनी सांगून झालं. पण त्याची आई मेताक्सिया गाव सोडायला तयार नाही आणि तो आईला सोडायला तयार नाही. असा सगळा तिढा.

दोन वर्षांपूर्वी त्याची जुनी गाडी रस्त्यात तिसऱ्यांदा बंद पडली. त्यालाच तोंड दाखवायची लाज वाटायला लागली, कारण आर्गोसला लोक अक्षरशः दातांसाठी खोळंबले होते. मग त्याने गाडी शोधायला घेतली. कवळीचं माप घ्यावं तसं एकेक इंजिन उघडून बघायचा. पहिली पाहिली ती अथेन्सची निवृत्त टॅक्सी. "काकू, ही चंद्रावर जाऊन आलीय," म्हणाला, आणि परत केली. दुसरी उंच जीप. ती वळणावर झोकांड्या खायची आणि पेट्रोल ढोसायची. माझ्या धंद्याला चांगली, पण मी गप्प बसले.

तिसरी घेऊन आला तेव्हा पंपावर बसलेल्यांनी कॉफी खाली ठेवली. दोन सीटची, छप्पर उघडणारी जपानी स्पोर्ट्स कार. माझ्या कमरेइतकी उंच, रंग डांबरासारखा.

"काय रे, म्हातारपणी मिशा काळ्या करायचा विचार आहे?" आमच्या लोहार स्ट्रातिसने विचारलं.

"हिचं इंजिन साधं आहे," सारान्डोस शांतपणे म्हणाला. "बिघडायला आत काही नाहीच. वजनाने हलकी, म्हणून टायर टिकतात. आणि ब्रेक... काकू, बसा आत."

मला आत बसवायला दोघांना धरावं लागलं. सपाटीवर त्याने वेग घेतला, "धरून बसा" म्हणाला आणि ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी खिळली. माझी कवळी मात्र पुढे गेली असती, बरी बनवली होती म्हणून वाचली.

खरं सांगते, त्याने गाडी अगदी डोक्याने निवडली होती. लोकांना ती उधळेपणाची वाटली, पण त्या दिवसापासून ती एकदाही बंद पडली नाही. तरी मला ती आवडली नाही. अशी बुटकी वस्तू त्या रंगात संध्याकाळी रस्त्यावर दिसणार कशी, हे माझ्या मनात तेव्हाच आलं होतं.

मेताक्सियाने गाडीभोवती एक फेरी मारली आणि एकच प्रश्न विचारला. "हिचा आधीचा मालक जिवंत आहे ना?"

"आहे गं आई. निवृत्त दंतवैद्य आहेत. त्यांची कंबर धरली, आत वाकता येईना म्हणून विकली."

"माणूस चालता-फिरता असताना असली गाडी विकतो म्हणजे त्याला काहीतरी कळलं असणार," ती म्हणाली आणि घरात गेली.

आमच्याकडे रस्त्यावर कुणी गेलं की त्या जागी लोखंडी खांबावर एक देवळी उभी राहते. पत्र्याची, काचेच्या दाराची, चर्चच्या आकाराची. आत देवाचं चित्र, गेलेल्याचा फोटो आणि तेलाचा दिवा. कुणी अपघातातून वाचला तर तोही उभारतो, देवाचे उपकार म्हणून. पण हे सगळं नंतर. आधी देवळी उभारल्याचं माझ्या पाहण्यात तरी नव्हतं.

मेताक्सियाने ती आधी उभारली. पाद्रीबाबांकडे आशीर्वाद मागायला गेली, तर त्यांनी तिला परत पाठवलं. "देवाशी आगाऊ सौदा होत नसतो, मेताक्सिया. हे अभद्र आहे." मग ती स्ट्रातिसकडे गेली. विधवेला नाही म्हणायची त्याला सवय नाही. त्याने देवळी बनवून दिली आणि नोव्हेंबरात ती कोरड्या झऱ्याच्या वळणावर उभी राहिली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये रस्ता, आणि देवळी रस्त्याला इतकी चिकटून की दिवा लावायचा तर डांबरावरच गुडघे टेकावे लागत. आत फोटो नव्हता. फोटोची चौकट मात्र स्ट्रातिसने सवयीने करून ठेवली होती.

परगावचे ट्रकवाले पंपावर विचारायचे, "तिथे कोण गेलं हो?"

"कुणी नाही," मी सांगायची.

"मग देवळी कुणाची?"

मी पेट्रोलची नळी जागेवर अडकवायची. ते छातीवर क्रूस करायचे आणि निघून जायचे.

सारान्डोस चिडला, आयुष्यात पहिल्यांदाच चिडलेला मी पाहिला. "काकू, ती बाई माझा मृत्यू वाढून ठेवून रोज त्याच्यासमोर दिवा लावते."

"मग उपटून टाक की."

"तुम्ही लावाल हात?"

मी नाही म्हणाले. देवळीला हात लावणारा आमच्याकडे अजून जन्माला यायचाय. मग तो आईला म्हणाला, निदान सकाळी लाव दिवा. तर म्हणे समुद्राचा वारा, सकाळचा दिवा दुपारपर्यंतही टिकायचा नाही, आणि तू तर संध्याकाळी येतोस. ती रोज सूर्य डोंगरामागे गेला की निघायची. काळे कपडे, काळा रुमाल, हातात तेलाची बाटली. वाऱ्याला आडोसा करायला रस्त्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसायची आणि काडी ओढायची. कानांनी तिला पूर्वीच दगा दिला होता. ईस्टरच्या आधीचे उपास सुरू झाले, जेवणात तेल वर्ज्य झालं, तर मला म्हणाली, "बरंच झालं, माझ्या वाटचं सगळं त्या दिव्याला जाईल."

मला सारान्डोसची काळजी नव्हती. त्या वळणावर रोज पाठ करून बसते ती कोण, हे मला दिसत होतं. मी तिला तसं म्हटलंही. "अगं, गाडी त्याला मारायच्या आधी तुला मारेल." तिने ऐकलं नाही, की ऐकू आलं नाही, देव जाणे. एकच दिलासा होता. सारान्डोस यायचा तोवर मिट्ट काळोख झालेला असायचा आणि ती दिवा लावून घरी पोचलेली असायची. सगळा हिवाळा असाच गेला.

मार्च संपताना आमच्या देशात एका रविवारी सगळी घड्याळं तासभर पुढे सारतात. सारान्डोस घड्याळावर चालतो. मेताक्सिया सूर्यावर चालते, तिच्या भिंतीवरचं घड्याळ तर नवरा गेल्यापासून बंद आहे. ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. आली नाही. त्या रविवारी मीही पंपावरचं घड्याळ पुढे केलं आणि झोपले.

सोमवारी संध्याकाळी मी पंपाच्या पायरीवर रानभाजी निवडत होते. सारान्डोस आला, नेहमीसारखा दोनदा हॉर्न वाजवला. मी हात वर केला. त्याने हसून मान हलवली. तो पुढे गेला आणि माझा हात तसाच राहिला. सगळा हिवाळा मला त्याच्या गाडीचे फक्त दिवे दिसत होते. आज मला त्याचा चेहरा दिसला होता. उजेड होता. सूर्याच्या हिशेबाने तो तासभर आधी आला होता.

भाजी मांडीवरून सांडली. मी ओरडले, पण कुणासाठी ओरडले? फोन आत होता आणि गाडी चालवताना तो फोन उचलत नाही. मी सपाता घालूनच धावले. माझ्या वयाला धावणं म्हणत नाहीत त्याला. तेवढ्यात ब्रेकचा आवाज आला. लांबलचक, किंचाळल्यासारखा. आणि मग काहीच नाही. खालच्या लाटांचा आवाज तेवढा येत होता. पोचूच नये असं वाटत होतं.

वळणावर गाडी तिरकी उभी होती. तिच्या नाकापासून हातभर अंतरावर मेताक्सिया गुडघ्यांवर बसली होती, अजून पाठमोरी. तिला काहीच कळलं नव्हतं. दिवा पेटला, तिने काच लावली, क्रूस केला, आणि उठायला वळली तेव्हा तिला गाडी दिसली.

"अरे," ती म्हणाली, "आज लवकर कसा?"

सारान्डोस खाली उतरला आणि रस्त्यातच बसला. त्याचे हात थरथरत होते. ते हात थरथरताना मी कधी पाहिले नव्हते, आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. मेताक्सियाने त्याच्याकडे पाहिलं, चाकांच्या काळ्या खुणा पाहिल्या, दिव्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला.

"बघ कानेला," ती म्हणाली. "मी दिवा लावला आणि गाडी थांबली."

"अगं बाई, तू इथे नसतीस तर तिला थांबायचं कारणच नव्हतं!"

पण ती मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत होती.

दोन दिवसांत गावभर झालं. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं जो तो म्हणायला लागला. टायरच्या खुणा बघायला लोक आले. ज्यांनी देवळीला अभद्र म्हटलं होतं ते पाद्रीबाबा स्वतः येऊन पवित्र पाणी शिंपडून गेले. मग बेकरीवाल्या बाईला वाटलं, आपला मुलगा मोटरसायकल चालवतो. मग आणखी एकीला वाटलं, आपला जावई ट्रक चालवतो. स्ट्रातिसला काम पुरेना. उन्हाळा लागेपर्यंत त्या वळणावर चार देवळ्या झाल्या. चारही आगाऊ, चारही बिनफोटोच्या. आणि सूर्य डोंगरामागे गेला की चार काळ्या कपड्यांच्या बाया रस्त्याकडे पाठ करून तिथे गुडघे टेकतात.

सारान्डोसने गाडी विकली नाही. ती अजूनही बिघडत नाही. पण संध्याकाळी तो ती माझ्या पंपावर ठेवतो आणि पुढे पायी जातो. डब्याची पिशवी खांद्याला, हातात बॅटरी. बायांची पूजा होईपर्यंत तो वळणाच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध उभा राहतो आणि येणाऱ्या गाड्यांना बॅटरी हलवून थांबवतो. ज्याला रस्त्याने नेऊ नये म्हणून तो दिवा पेटतो, तोच रोज रस्त्यात उभा असतो. आईला हे सांगून पाहिलं का, असं मी एकदा त्याला विचारलं.

"सांगितलं," तो म्हणाला. "ती म्हणाली, उभा राहा बाळा, दिवा आहे ना."

आता पर्यटकांचे दिवस आहेत. भाड्याच्या गाड्या, अनोळखी रस्ता, नजर समुद्राकडे. परवा एक जण पेट्रोल भरताना म्हणाला, "बाई, सकाळी येताना पुढच्या वळणावर चार देवळ्या पाहिल्या. फार माणसं गेली का तिथे?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "हळू जा. तिथे माणूस उभा असतो."

तो हसला आणि मान डोलावून निघाला. जोरातच गेला. मी रेडिओ बंद केला आणि पायरीवर ऐकत बसले.