गप्प बसलेले जीव

“अर्ली चाइल्डहूड केरीज,” डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे लहान वयात दातांना लागलेली कीड. माझी आर्वी अडीच वर्षांची. पुढचे चार दात काळे पडलेले, हिरडीवर पुवाची पुटकुळी. तीन दिवस ताप, म्हणून आम्ही कोल्हापूर गाठलं होतं.

वडगावात सासूबाई म्हणायच्या, “दुधाचं दात हायत, पडणारच की.” मलाही तसंच वाटायचं.

डॉक्टरांनी तिच्या दातावरचा थर खरवडून काचेवर घेतला. मग मला म्हणाल्या, “तुम्हीही तोंड उघडा.” माझ्या दाढेला भोक होतं. दुखत नव्हतं, म्हणून गरोदरपणापासून तसंच राहिलेलं.

माझ्या दाढेवरचाही थर काचेवर घेतला. आधी माझी काच सूक्ष्मदर्शकाखाली गेली. पडद्यावर राखाडी उजेडात काहीतरी वळवळत होतं. तोंडात लाळ साठली. ती गिळावी की थुंकावी, कळेना.

“हलणाऱ्यांना घाबरू नका,” त्या म्हणाल्या. “हे माळेसारखे गप्प बसलेत ना, दात किडवणारे असेच असतात. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स नावाचे जंतू. आपण खाल्लेली साखर ते खातात आणि आम्ल सोडतात. त्यात दात विरघळतो.”

मग आर्वीची काच. तशाच माळा, तशाच गप्प.

“जन्मतः बाळाच्या तोंडात हे नसतात. बहुतेकदा आईच्या लाळेतून जातात. घास चावून भरवत होता?”

मी होकारार्थी मान हलवली.

“आणि झोपताना दुधाची बाटली?”

“साखर घालून,” नवऱ्यानं सांगितलं.

परतताना एसटीत आर्वी माझ्या खांद्यावर झोपली. उघड्या तोंडातून आंबूस वास येत होता. मी ओठ घट्ट मिटून खिडकीकडे तोंड केलं. पुढं आठ दिवस ती गाल पुढं करायची आणि मी मागं सरायची.

भूल देऊन आर्वीचे दोन दात काढले, दोन वाचवले. मी बाहेर दीड तास बसले होते. जीभ सारखी माझ्या दाढेच्या भोकात जात होती. तिथं काहीच जाणवत नव्हतं, त्याचीच भीती वाटत होती.

त्याच आठवड्यात मी रूट कॅनाल करून घेतलं, म्हणजे दाढेतली सडलेली नस काढून टाकली. डॉक्टरबाई म्हणाल्या, “पापा घेणं थांबवू नका. तुमचं तोंड नीट ठेवा, तिची साखर तोडा.” त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ज्यांच्या घरी बाळ यायचंय त्यांनी आधी स्वतःचे दात दाखवावेत. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं समजू नका.

घरी मी आर्वीला जवळ घेतलं. तिनं दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरली, तोंडात डोकावून पाहिलं.

“किडं गेलं?”

“व्हय,” मी म्हणाले आणि पापा घेतला. खरं तर ते असतातच. त्यांना उपाशी ठेवणं तेवढं आपल्या हातात.